बाराव्या वर्षी चौघं एका वयाची नसतात

शाळकरी मित्रांवरचा सिनेमा म्हटलं की सायकली आल्या, नदीत उड्या आल्या, चोरून ओढलेली पहिली विडी आली, वर्गातली 'ती' आली. बघताना बरं वाटतं. पण एवढ्यावर पोरं मोठी होताना दिसत नाहीत. मोठं होणं दिसतं ते चौघांचा वेग वेगळा ठेवला तरच. एक पुढं निघून जातो, एकाला सगळं कळतं पण आपल्याला जाता येईल असं वाटत नाही, एक आहे तिथंच राहतो. हे मला सगळ्यांत नेमकं 'स्टँड बाय मी'मध्ये सापडतं, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितोय.

१९८६चा सिनेमा. दिग्दर्शक रॉब रायनर, मूळ दीर्घकथा स्टीफन किंगची. काळ १९५९, अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातलं कॅसल रॉक हे काल्पनिक गाव, सप्टेंबरच्या सुरुवातीला येणाऱ्या लेबर डेच्या सुट्टीआधीचा शुक्रवार. गॉर्डी, क्रिस, टेडी आणि व्हर्न हे चौघं रेल्वेखाली गेलेल्या एका मुलाचं प्रेत बघायला रुळांच्या कडेनं चालत निघतात आणि रविवारी परततात. गोष्ट एवढीच.

आधी कास्टिंग बघा. पात्रं बारा वर्षांची. पण १९८५च्या उन्हाळ्यात शूटिंग झालं तेव्हा व्हर्न झालेला जेरी ओकॉनेल अकराच वर्षांचा होता, आणि क्रिस झालेला रिव्हर फिनिक्स पंधराव्याच्या उंबऱ्यावर. दोघांत साडेतीन वर्षांचं अंतर! या वयात साडेतीन वर्षं म्हणजे अख्खा माणूस बदलतो. ते पडद्यावर दिसतं. व्हर्नचे गाल अजून लहान मुलाचे आहेत, क्रिसच्या खांद्यांत बापयपण आलंय. संवादाचा एक शब्द खर्च न करता कळतं की कोण कुठं पोचलाय. आपल्याकडे पुष्कळदा 'एका वर्गातले वाटले पाहिजेत' म्हणून चारही पोरं एका मापाची निवडतात आणि ही फुकट मिळणारी गोष्ट घालवतात. सातवी-आठवीच्या कुठल्याही वर्गाचा फोटो काढून बघा, एकाला मिसरूड फुटलेली असते आणि शेजारचा पाचवीतला वाटतो. शूटिंग रखडलं तर आवाज फुटतो, उंची वाढते, ही अडचण खरीच. त्यावर उपाय म्हणजे सलग शेड्यूल. रायनरनं शूटिंगआधी या चौघांना एकत्र ठेवून त्यांच्याकडून नाटकातले खेळ करून घेतले, त्यामुळे कॅमेऱ्यासमोर मैत्री 'करावी' लागली नाही.

आता मुख्य मुद्दा. हे मित्र भांडणानं तुटत नाहीत. क्रिस चालता चालता गॉर्डीला सांगतो, की आता मोठ्या शाळेत तू कॉलेजच्या तयारीचे विषय घेशील आणि आम्ही तिघं वर्कशॉपच्या वर्गात ॲशट्रे नि पक्ष्यांसाठी लाकडी घरं बनवत बसू. बारा वर्षांच्या मुलाला हे बिनचूक ठाऊक आहे. दोस्ती तुटते ती तुकडीच्या यादीत, आणि ती यादी घराणं बघून आधीच लिहिलेली असते. रात्री शेकोटीपाशी शाळेत गोळा झालेल्या दुधाच्या पैशांचा प्रसंग येतो. क्रिसनं पैसे चोरले, मग बाईंना परत नेऊन दिले. बाईंनी ते स्वतःच ठेवले, आणि पुढच्या आठवड्यात नवा स्कर्ट घालून आल्या. निलंबन मात्र क्रिसचं झालं. हे सांगताना तो फुटतो. त्या शॉटसाठी रायनरनं फिनिक्सला एवढंच सांगितलं होतं, की एखाद्या मोठ्या माणसानं तुला दगा दिला असेल तो क्षण आठव.

गॉर्डीचं मोठं होणं याहून शांत आहे. पहाटे बाकीचे झोपलेले असताना रुळांपाशी त्याला एक हरिणी दिसते. दोघं एकमेकांकडे बघतात, ती निघून जाते. तो हे मित्रांना सांगत नाही. कालपर्यंत पोटात काही न ठेवणारं पोर आज एक गोष्ट स्वतःपाशी ठेवतं. पहिल्या विडीपेक्षा हे कितीतरी खरं आहे.

असे सिनेमे फसतात ते तीन जागी. पोरांच्या तोंडी चाळिशीतलं शहाणपण घालतात. एकाला 'जाड्या', एकाला 'हुशार', एकाला 'वात्रट' अशी पाटी लावतात आणि ती शेवटपर्यंत काढत नाहीत. आणि निवेदन जास्त करतात. हा तिसरा दोष 'स्टँड बाय मी'मध्येही थोडा आहे, शेवटी मोठा झालेला गॉर्डी टाइप करतो त्या ओळीशिवाय माझं भागलं असतं.

आपल्याकडे मित्रांना एकमेकांपासून दूर करणारी यंत्रणा वेगळी, पण प्रामाणिक सिनेमांत ती दिसते. अविनाश अरुणच्या 'किल्ला'मध्ये ती आईची बदली आहे. पुण्याहून कोकणात आलेला चिन्मय पावसात किल्ल्यावर एकटा मागं राहतो, आणि त्या दिवसानंतर तो मित्रांशी पूर्वीसारखा बोलत नाही. नागराज मंजुळेच्या 'फँड्री'त ती जात आहे. जब्याचं घर डुकरं पकडायला धावतं तेव्हा वर्गातलीच पोरं प्रेक्षक होऊन हसतात.

शेवटाबद्दल एक. किंगच्या कथेत टेडी आणि व्हर्न पुढं तरुणपणीच मरतात. सिनेमानं त्यांना जिवंत ठेवलं, आणि मला हा बदल फार मोलाचा वाटतो. मरणानं मैत्री संपवणं लेखकाला सोपं जातं. इथं व्हर्न शाळा संपताच लग्न करतो, चार मुलं होतात, लाकडाच्या वखारीत फोर्कलिफ्ट चालवतो. टेडीला डोळ्यांमुळे आणि कानामुळे सैन्य घेत नाही, तो काही काळ तुरुंगात जातो, मग गावात मिळेल ते काम करतो. क्रिस हट्टानं कॉलेजचे विषय घेतो, वकील होतो, आणि दुसऱ्यांचं भांडण सोडवताना भोसकला जातो. मेला तो एकटा तोच, ज्यानं यादी खोटी ठरवली होती.

आणि गावाच्या वेशीवरचा तो निरोप. सिनेमाच्या सुरुवातीला व्हर्न घराच्या ओट्याखाली खणत असतो, कधीकाळी पुरून ठेवलेली पेनींची, म्हणजे एकेका सेंटच्या नाण्यांची, बरणी शोधत. दोन दिवस चालून, प्रेत बघून, बंदूक रोखलेली बघून तो परत येतो. घराकडे वळतो आणि रस्त्यात थांबतो. त्याला खाली एक पेनी दिसलेली असते. तो ती उचलतो, खूश होतो आणि जातो.