होस्टेलचं कर्ज आणि लोकलचा पास

बारावीचे आणि सीईटीचे निकाल लागले की काही मेसेज दरवर्षी उगवतात, तसा हाही उगवला. घरच्या ग्रुपवर वहिनीने टाकला, दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर आला, तिसऱ्या दिवशी बँकेतल्या एका जुन्या सहकाऱ्याने मलाच पाठवला. मजकूर थोडक्यात असा: मुलांना घरून जाऊन-येऊन कॉलेज करायला लावू नका. त्याने व्यक्तिमत्त्व घडत नाही, रोजचे चार तास गाडीत वाया जातात, ओळखी होत नाहीत, प्लेसमेंट हुकते. त्यापेक्षा एज्युकेशन लोन काढा आणि कॅम्पसवर ठेवा. ते कर्ज नाही, गुंतवणूक आहे. नोकरी लागली की मूल स्वतःच फेडतं, वर करसवलतही मिळते. शेवटी हात जोडलेले दोन इमोजी आणि चार पैशांसाठी लेकराचे पंख कापू नका, अशी विनवणी.

मी टिटवाळ्याहून माटुंग्याला जाऊन-येऊन कॉलेज केलं. पुढे बँकेत लागले आणि त्यातली सहा वर्षं एज्युकेशन लोनच्या टेबलावर काढली. म्हणजे या मेसेजच्या दोन्ही टोकांना मी बसून आलेय. तो सगळाच खोटा नाही, म्हणून तर उत्तर द्यावंसं वाटलं. त्याचा क्रम मोडून आधी पैशांचं बोलते, कारण खरा घोळ तिथेच आहे.

“ते कर्ज नाही, गुंतवणूक आहे”

समजा, कॉलेजची फी तुम्ही कशीबशी घरातून भरताय आणि कर्ज काढताय ते फक्त राहण्या-जेवणासाठी. होस्टेल, मेस, वरखर्च मिळून वर्षाला दीड लाख धरू. चार वर्षांचे सहा लाख. व्याजदर हिशेबाला सोपा म्हणून १० टक्के. कोर्स संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो, हे सगळ्यांना माहीत असतं. व्याज मात्र पहिली रक्कम उचलल्या दिवसापासून चालू होतं, हे सही करतानाही अनेकांच्या डोक्यात नसतं. त्या काळात सरळव्याज लागतं. पहिल्या वर्षीच्या दीड लाखावर पाच वर्षांचं, दुसऱ्या वर्षीच्या दीड लाखावर चार वर्षांचं, असं धरत गेलं की २ लाख १० हजार होतात. ते मधल्या काळात भरत गेला नाहीत, तर मुद्दलात मिळवले जातात. म्हणजे हप्ते सुरू होतात ते ८ लाख १० हजारांवर.

दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला साधारण १०,७०० रुपये, एकूण भरणा पावणेतेरा लाखांच्या वर. हप्ता जड वाटतो म्हणून पंधरा वर्षांची घेतली तर तो ८,७०० वर उतरतो आणि एकूण भरणा साडेपंधरा लाखांच्या पुढे जातो. हे सगळे पोळी-भाजीचे आणि कॉटचे पैसे आहेत. फीचा यात एक रुपयाही नाही.

समोरच्या पारड्यात काय आहे? मोठ्या आयटी कंपन्या फ्रेशरला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास देतात आणि हा आकडा कित्येक वर्षं फारसा हललेला नाही. हातात पडतात पंचवीसेक हजार. हप्ता गेल्यावर उरलेल्या चौदा-पंधरा हजारांत त्याने हिंजवडीत नाहीतर बंगळुरूला पीजी घ्यायचा, खायचं आणि घरीही काही पाठवायचं. गुंतवणूक म्हणायची तर ती कशातली, एवढा तरी प्रश्न विचारायला हवा. चांगल्या कॉलेजच्या फीसाठी काढलेलं कर्ज समजू शकते. तीच पदवी, तेच विद्यापीठ घरून मिळत असताना छपरासाठी काढलेल्या कर्जाला मी गुंतवणूक म्हणणार नाही.

“मूल स्वतःच फेडतं”

माझ्या टेबलासमोर बसलेल्या एका रिक्षावाल्या वडिलांनी सही करता करता विचारलं होतं, “मॅडम, मी फक्त साक्षीदार ना?”

नाही. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. मुलाला नोकरी सहा महिने उशिरा लागली तर बँकेचा फोन त्यांनाही जातो, आणि हप्ते थकले की सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, दोघांचीही खराब होते. साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही, म्हणून लोकांना वाटतं की जोखीमच नाही. तारण नसणं आणि देणं नसणं, यांतला फरक त्या दिवशी मी त्यांना तीन वेळा समजावला. सही त्यांनी केलीच. मुलीचं ॲडमिशन आधीच होऊन बसलं होतं.

“वर करसवलतही मिळते”

आयकरात मिळते, खरं आहे. पण फक्त व्याजावर, जास्तीत जास्त आठ वर्षं आणि फक्त जुन्या करपद्धतीत. वर्षाला साडेतीन लाख मिळवणाऱ्याला मुळात करच लागत नाही, मग सवलत कशातून घेणार? हप्ते वडील भरत असतील, ते जुन्या पद्धतीत असतील आणि त्यांचं उत्पन्न करपात्र असेल, तर त्यांना मिळेल. रिक्षावाल्या वडिलांना मिळणार नाही.

आता मेसेजमध्ये नसलेली, पण असायला हवी होती अशी एक गोष्ट. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार पूर्ण माफ करतं. पण ते कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या जागेवर. मॅनेजमेंट कोट्यात नाही, खासगी आणि अभिमत विद्यापीठांत नाही. आणि ब्रोशरवर हिरवळ, स्विमिंग पूल आणि सात मजली होस्टेल दिसतं ती कॅम्पस बहुतेक याच दुसऱ्या प्रकारची असतात. म्हणजे घरून जाण्याजोगं कॅपमधलं कॉलेज सोडून तिकडे गेलात, तर होस्टेलचा खर्च वाढतो आणि माफ झालेली फीसुद्धा पुन्हा डोक्यावर बसते. आमच्या भाचीच्या बाबतीत नेमकं हेच होत होतं आणि वहिनीला त्याचा पत्ता नव्हता.

कर्ज काढायचंच असेल तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना आधी बघा. निवडक संस्था (मंजुरीच्या वेळी ८६०), तारण किंवा जामीनदार नाही, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंत व्याजात तीन टक्के सवलत. ही सवलत वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांनाच आहे आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्यांना मिळत नाही. आपलं कॉलेज त्या यादीत नसेल, तर कॉलेजच्या काउंटरवरचा माणूस ते आपणहून सांगणार नाही.

“रोजचे चार तास वाया जातात”

इथे मेसेजचं पारडं जड आहे. कसारा सीएसएमटीपासून १२१ किलोमीटरवर, कर्जत १०० किलोमीटरवर. तिथल्या मुलाला सकाळी नऊचं प्रॅक्टिकल असेल तर तो पहाटे किती वाजता उठतो, ते त्याच्या आईला विचारा. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातून पडून माणसं गेली, तेव्हा आमच्या लाइनवर कुणालाही धक्का बसल्याचं नाटक करावं लागलं नाही. दारात लटकून आम्ही सगळ्यांनीच प्रवास केलाय. पोराला चार वर्षं त्या दारात उभं करायचं नाही, असं एखादी आई म्हणाली तर मी तिच्याशी पैशांचा वाद घालणार नाही.

माझी स्वतःची रेघ दीड तासाची आहे, घराच्या दारापासून वर्गाच्या दारापर्यंत. टिटवाळा ते माटुंगा त्या रेघेवरच होतं, कधी पलीकडे. फास्ट लोकल माटुंग्याला थांबत नाही, म्हणून दादरला उतरून उलट चालत जायचं, पावसाळ्यात चपला हातात. वाया गेले का ते तास? काही गेले, नक्कीच. डोंबिवलीनंतर पुस्तक उघडायला हात हलवता येत नसे. पण कॉलेज सुटल्या सुटल्या गाडी पकडण्यापेक्षा लायब्ररीत साडेआठपर्यंत बसलं की परतीला निदान दोन पायांवर उभं राहता येतं, हे दुसऱ्या वर्षी कळलं आणि माझा निम्मा अभ्यास त्या गर्दीच्या भीतीने झाला. मुलींना पदवीपर्यंत रेल्वेचा सेकंड क्लासचा मासिक पास फुकट असतो. मुलांना बारावीपर्यंत, त्यानंतर सवलतीत. एसटीच्या विद्यार्थी पासावर भाड्याचा एक तृतीयांशच भरावा लागतो. कॉलेजच्या ऑफिसातून कन्सेशनचा फॉर्म आणा आणि खिडकीवर द्या, एवढंच काम.

रेघेच्या पलीकडे असाल तर घर सोडा. पण मेसेज दोनच दारं दाखवतो, लोकल नाहीतर कर्ज. अधेमधे बरंच काही आहे, त्याकडे येतेच.

“व्यक्तिमत्त्व घडत नाही”

लेडीज डब्यात विंडो कुणाला, ठाण्याला कोण उतरणार, चौथी सीट कुणाची, हे रोज दोनदा ठरवत तीन वर्षं काढलेल्या मुलीचं व्यक्तिमत्त्व घडतं की नाही, माहीत नाही. कोपर मात्र घडतं. स्वतःचे कपडे धुणं, वेळेवर उठणं, पैसे पुरवणं या गोष्टी होस्टेलवर शिकता येतात हे खरं, पण त्यासाठी तेरा लाख लागत नाहीत.

तरीही होस्टेलची एक बाजू मला पूर्ण पटते आणि मेसेज लिहिणाऱ्याला ती सुचलेलीच नाही. घरी राहणारी मुलगी ही घरातल्या कामाला कायम उपलब्ध असलेली मुलगी असते. पाहुणे आले की पोहे तिने करायचे, आजीला डॉक्टरकडे तिने न्यायचं, आणि परीक्षा तोंडावर आली की भावाला बेडरूम मिळते, तिला किचनचा ओटा. वन-रूम-किचनमध्ये पाच माणसं राहत असतील तर अभ्यासाला कोपरा नाही, हे व्यक्तिमत्त्वापेक्षा कितीतरी खरं कारण आहे. तिथे आधी महिना काही शे रुपयांची अभ्यासिका लावून बघा. तेवढ्याने भागलं नाही तर तिला घराबाहेर ठेवा, अगदी गावातल्या गावात कॉट बेसिसवरसुद्धा. तिच्यासाठी मीच वहिनीशी भांडेन.

“ओळखी होत नाहीत, प्लेसमेंट हुकते”

कंपन्या ॲप्टिट्यूड टेस्ट घेतात, मार्क बघतात, मुलाखत घेतात. पत्त्याच्या रकान्यात होस्टेलची रूम आहे की बदलापूरचा फ्लॅट, याला गुण नाहीत. रात्री एकत्र बसून प्रोजेक्ट करण्याची मजा घरून जाणाऱ्याला कमी मिळते, हे मान्य. पण प्लेसमेंट कॉलेजची असते, होस्टेलची नाही.

“पंख कापू नका”

या विनवणीचा मला खरा राग आला. महाराष्ट्रात वसतिगृहं सुरू झाली तीच मुळी गरिबाच्या पोराला कर्जाशिवाय शिकता यावं म्हणून. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं, पुढे जातीजातींची बोर्डिंगं निघाली. साताऱ्यात १९२४ मध्ये भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली आणली आणि श्रमाच्या बदल्यात शिक्षण दिलं. पुण्यातली विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यातल्या मुलांना माफक पैशांत ठेवून घेते. पुणे विद्यापीठात कमवा आणि शिका आजही चालू आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयम्, अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. सरकारी वसतिगृहात जागा नाही मिळाली तर राहण्या-जेवणासाठी पैसे मिळतात ते या योजनांतून. पैसे उशिरा येतात, कागदपत्रांना चपला झिजतात, हे सगळं मान्य. पण त्यांवर व्याज चढत नाही. एवढा सगळा रस्ता गाळून बापाला थेट बँकेत पाठवायचं आणि तो कचरला की पंख कापतोस म्हणायचं, हा मेसेज कुणी लिहिला असेल याचा मला थोडा अंदाज आहे, पण पुरावा नाही, म्हणून गप्प बसते.

यातलं बरंचसं मी घरच्या ग्रुपवर लिहिलं. दादाने अंगठा दाखवला. भाचीने रात्री फोन केला, “आत्या, तो दहा हजार सातशेचा हिशेब परत सांग, मी लिहून घेते.” ऑप्शन फॉर्मवर तिने पहिलं कॉलेज ठाण्याचं टाकलंय, दुसरं माटुंग्याच्या बाजूचं. पुण्याच्या त्या हिरवळवाल्या कॅम्पसचं ब्रोशर अजून फ्रिजवर लावलेलं आहे. वहिनी सध्या माझ्याशी कामापुरतंच बोलते.