एकूण वजनाचं सोडा, जोडी तरी जुळू दे

'हौशी माणसाला प्लेटमधला पाव-अर्धा किलोचा फरक जाणवत नाही' हे जिममधल्या वजनाच्या प्लेटांवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही बुवा. एकूण वजन कमीजास्त असलं तर चालतंय, पण रॉडच्या एका बाजूला जड आणि दुसऱ्या बाजूला हलकी प्लेट आली की बेंच मारताना, म्हणजे बाकावर उताणं पडून रॉड वर ढकलताना, एक हात आधी वर जातो आणि आपण उगाच खांद्यात दोष शोधत बसतो. आमच्या जिममधल्या २० च्या दोन जुन्या बिडाच्या प्लेटा भंगारवाल्याच्या काट्यावर टाकल्या, एक १९.२ भरली, दुसरी २०.६, वर ऑइलपेंटचे थरावर थर ते वेगळेच! पॉवरलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमात ०.२५ टक्के फरक चालतो, म्हणजे २० किलोला जेमतेम ५० ग्रॅम. तेवढं कोण मागतंय, निदान खरं वजन खडूने लिहून जोड्या लावून ठेवा की.