‘फक्त कार्ड टाका’ म्हणणाऱ्यांनी आधी कॅबिनेट उघडावं

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: “जुना डेस्कटॉप भंगारात देऊ नका. स्लॉट सगळीकडे सारखाच, कोणतंही ग्राफिक्स कार्ड बसतं. जास्त जीबीचं घ्या. पॉवर कमी पडली तर कन्व्हर्टर केबल लावा. पीसी नव्यासारखा पळेल.” ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरचं चित्र, विशेषतः गेमचं, तयार करणारं कार्ड. पहिलं वाक्य मला मान्य आहे. बाकीचं बघू.

स्लॉटचं म्हणणं अर्धंच खरं. मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्स्प्रेस या जातीच्या जुन्या स्लॉटमध्ये (कार्ड बसवायच्या खाचेत) नवं कार्ड सहसा चालतं. पण आपल्याकडे जुना डेस्कटॉप म्हणजे पुष्कळदा ऑफिसातून निघालेला, रिफर्बिश्ड म्हणून घेतलेला डेल किंवा एचपीचा बारका डबा. त्यात अर्ध्या उंचीचंच कार्ड मावतं. मग कोणीतरी एएमडीचं आरएक्स ६४०० हे कार्ड सुचवतो, कारण ते त्या मापात मिळतं आणि ५३ वॅटांत भागवतं. गंमत अशी, की हे कार्ड स्लॉटमधल्या १६ ऐवजी चारच लेन (डेटा ये-जा करायच्या वाटा) वापरतं. पीसीआय एक्स्प्रेसची नवी ४.० आवृत्ती असलेल्या बोर्डवर ते खपून जातं. ३.० वर देवाणघेवाणीचा वेग निम्मा होतो, २.० वर पाव. आणि कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की गेम अडखळायला लागतो. म्हणजे जुन्या डब्यात बसणारं कार्डच जुन्या डब्यात मार खातं.

आता केबल. या मजकुरातला हा सल्ला नुसता चुकीचा नाही, धोक्याचा आहे. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात; त्यापुढची भूक ६ किंवा ८ पिनांच्या वेगळ्या केबलने भागवायची असते. सेकंडहँड बाजारात लोकांचं लाडकं आरएक्स ५८० तब्बल १८५ वॅटांचं आहे. कन्व्हर्टर ज्याला जोडतात तो साटा पॉवर कनेक्टर (हार्ड डिस्कला वीज देणारा) १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरसाठी, म्हणजे ५४ वॅटांसाठी बनवलेला असतो. त्याला ६ पिनांचं कन्व्हर्टर लावून ७५ वॅट ओढले की तो तापतो, प्लास्टिक वितळतं, कधी जळतो. मोलेक्सवालं (जुन्या चार पिनांच्या कनेक्टरला लागणारं) कन्व्हर्टर त्यातल्या त्यात बरं, पण एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, २४० वॅटांचा असेल तर तेही काय करणार? नळाचं तोंड बदलून टाकीतलं पाणी वाढत नाही.

असेंबल्ड पीसीवाल्यांनीही ‘४५० वॅट’ या स्टिकरवर जाऊ नये. एसएमपीएसच्या लेबलवर १२ व्होल्टच्या समोर लिहिलेले अँपिअर वाचा. तिथे १८ लिहिलं असेल, तर कार्डाच्या कामाचे वॅट १२ गुणिले १८, म्हणजे २१६ च. एसएमपीएस बदलायला हरकत नाही, पण अनेक ब्रँडेड डब्यांत मदरबोर्डचा पॉवर कनेक्टर नेहमीचा २४ पिनांचा नसतो. तिथे दुकानातला साधा एसएमपीएस थेट लागत नाही.

जीबीचं लवकर सांगून टाकतो. डीडीआर३, जीडीडीआर५ ही कार्डावरच्या मेमरीच्या प्रकारांची नावं; जीडीडीआर५ बरीच वेगवान. म्हणून ४ जीबी डीडीआर३ चं जीटी ७३० कार्ड हे २ जीबी जीडीडीआर५ च्या जीटी १०३० पुढे टिकत नाही. त्या १०३० चीही डीडीआर४ वाली आवृत्ती निघाली, नाव तेच, मेमरीचा वेग जेमतेम एक तृतीयांश. म्हणून खोक्यावर जीबीच्या शेजारचं बारीक अक्षर वाचावं.

राहिलं ‘नव्यासारखा पळेल’. एक्सेल उघडायला मिनिट लागतं, ब्राउझर अडकतो, हे दुखणं बहुधा हार्ड डिस्कचं असतं किंवा अपुऱ्या रॅमचं. त्याला साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान ड्राइव्ह) लागते, कार्ड नव्हे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर मागतं. कार्ड कितीही भारी टाका, ही अट हलत नाही. मॉनिटर फक्त व्हीजीए हे जुनं पोर्ट असलेला असेल तर आणखी एक खर्च: नव्या कार्डांना ते पोर्टच नसतं.

मग कार्ड टाकूच नये का? टाकावं की! पूर्ण उंचीचा टॉवर, चौथ्या पिढीचा आय५, ८-१६ जीबी रॅम, बरा एसएमपीएस असेल, तर वेगळी पॉवर केबल न लागणारं जीटीएक्स १६५० त्यात मजेत चालतं आणि काही वर्षांपूर्वीचे गेम १०८०पी (फुल एचडी) वर नीट खेळता येतात. इथे पैसे वसूल होतात.

तेव्हा दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठायच्या आणि लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारात शिरायच्या आधी कॅबिनेटची बाजू उघडा, स्लॉटपासून पुढची जागा मोजा आणि एसएमपीएसच्या लेबलचा फोटो काढा. तो फोटो न बघताच कार्ड काढून देणाऱ्या दुकानातून घेऊ नका.