‘८० टक्के घर, २० टक्के शाळा’? त्या मेसेजला माझं उत्तर

जून उजाडला की काही गोष्टी ठरलेल्या असतात. रेनकोट, वह्यांना खाकी कव्हरं, आणि पालकांच्या ग्रुपवर फिरणारा तो लांबलचक मेसेज. यंदा मला तो चार ग्रुपांवर आला. त्यातला एक आमच्या भिशीचा होता.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मूल ८० टक्के घरात घडतं, २० टक्के शाळेत. म्हणून आईने रोज निदान दोन तास स्वतः अभ्यास घ्यावा. घरात इंग्रजीच बोलावं. आईवडील शिकलेले नसतील तर चांगला क्लास लावून मोकळं व्हावं. शाळेच्या कारभारात लुडबुड करू नये. मुलांना धाक हवा. मोबाइल देऊ नये. शेवटी हात जोडलेल्या तीन इमोजी आणि ‘सुजाण पालक असाल तर पुढे पाठवा’.

मी सुजाण आहे की नाही, ठाऊक नाही. दोन मुलांची आई आहे, आणि थोरला जिल्हा परिषदेच्या शाळेत होता तेव्हा तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीवर होते. मेसेज पुढे न पाठवता त्यातलं एकेक वाक्य धरून बोलते.

‘८० टक्के घर, २० टक्के शाळा.’

हे कुणी मोजलं, कसं मोजलं, याचा मेसेजमध्ये पत्ता नाही. घराचा परिणाम मोठा असतो हे कुणीच नाकारत नाही. पण हा आकडा वापरला जातो तो दुसऱ्याच कामाला. मूल मागे पडलं की बोट घराकडे दाखवायला तो फार सोयीचा आहे.

दिवाळीच्या आसपास बीडकडून ऊसतोडीला निघालेलं एखादं कुटुंब डोळ्यांपुढे आणा. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, आणि त्यांच्याबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्याकुंड्यांमध्ये बसलेलं तिसरीतलं पोर. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, ते उसाच्या फडावर. परत येतं तेव्हा वर्ग कुठच्या कुठे गेलेला असतो. अशा मुलांना गावातच ठेवून घेता यावं म्हणून हंगामी वसतिगृहं काढावी लागली. त्या आईला ‘८० टक्के तुझ्या हातात आहे’ असं सांगायला जीभ तरी कशी रेटते? तिच्या लेकरासाठी शाळा हीच सगळी भिस्त आहे.

‘आईने रोज निदान दोन तास स्वतः अभ्यास घ्यावा.’

आईनेच का, हा प्रश्न मी तूर्तास गिळते. मेसेज पाठवणाऱ्यांत बहुतेक बाबा होते, एवढंच नोंदवून ठेवते.

आधी दोन तासांचं बघू. केंद्र सरकारचं २०२० चं दप्तर धोरण आहे. त्यात पहिली-दुसरीला गृहपाठ नाही. तिसरी ते पाचवीला जास्तीत जास्त दोन तास, आणि तेही आठवड्याला. सहावी ते आठवीला रोज एक तास. म्हणजे मेसेजवाले चौथीतल्या मुलाला आठवड्याचा कोटा एका संध्याकाळी पाजायला निघालेत.

आता ‘स्वतः घ्यावा’चं. हे मी केलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

थोरल्याच्या वजाबाक्या चुकायला लागल्या. बावन्नातून सत्तावीस. मी शेजारी बसले आणि मला शिकवली होती तशी शिकवली: दोनातून सात जात नाहीत, हातचा घे, बारातून सात गेले, राहिले पाच, खाली दोन आणि हातचा एक, तीन, पाचातून तीन गेले, दोन. पंचवीस. झालं की! आठवडाभर रोज संध्याकाळी हेच. आणि आठवड्याने वहीत काय, तर ५२ वजा २७ बरोबर १५. पुन्हा पुन्हा १५. मी चिडले, तो रडला, वरण करपलं.

शेवटी वही घेऊन बाईंकडे गेले. त्यांनी एका नजरेत ओळखलं. शाळेत त्यांनी वेगळ्या रीतीने शिकवलं होतं. पाच दशकांतला एक दशक सुटा करायचा, वर चार दशक उरतात आणि बारा एकक होतात. म्हणजे पाचाचा चार होतो, खालच्या दोनाला हातही लावायचा नाही. माझ्या रीतीत वरचा पाच तसाच राहतो आणि खालच्या दोनाचे तीन होतात. दोन्ही रीती बरोबर. पोराने दोन्ही एकदम केल्या. वरचा पाच खोडून चार केला, कारण बाईंनी सांगितलं होतं. खाली एक मिळवला, कारण आईने सांगितलं होतं. चारातून तीन गेले, एक. पंधरा. बिचारा दोघींचं ऐकत होता!

त्या दिवसापासून मी शिकवणं बंद केलं आणि ‘मला शिकव’ म्हणायला लागले. कांदा चिरता चिरता विचारायचं, आज काय झालं वर्गात, मला सांग बघू कसं करायचं. दहा मिनिटं. सांगताना अडखळला की कुठे अडलंय ते त्याचं त्यालाच कळायचं. नाहीच कळलं तर वहीत पेन्सिलीने फुली करून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी बाईंना विचारायचं. पंधरा-वीस दिवसांत वजाबाकी मार्गी लागली.

हा माझ्या एकटीचा अनुभव म्हणून सोडून द्यायचा तर सोडा. पण अमेरिकेत नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी २००९ साली सहावी ते आठवीच्या वयातल्या मुलांवरचे पन्नास अभ्यास एकत्र मांडून पाहिले. पालकांच्या सहभागाचा मुलांच्या प्रगतीशी संबंध दिसला, पण गृहपाठात मदत करण्याचा तसा दिसला नाही. सर्वात घट्ट संबंध दिसला तो शिक्षणाला घरात मोल असण्याशी, पुढे काय करायचंय यावर मुलांशी बोलण्याशी. ज्याला येत नाही त्याच्याच शेजारी आई बसते, हेही त्यात आलं असणार, तेव्हा ‘मदत केली की मूल बिघडतं’ असा अर्थ कुणी काढू नये. दोन तासांच्या शिकवणीने मूल वर येतं असं मात्र त्यातून मुळीच निघत नाही.

‘घरात इंग्रजीच बोला.’

आमच्या शेजारी हा प्रयोग चालू आहे. ‘ईट फास्ट’, ‘शूज वेअर कर’, ‘डोंट डू मस्ती’. एवढ्यात संभाषण संपतं, कारण त्या माऊलीचं इंग्रजी तेवढंच आहे. मुलगी आजोळहून आली आणि विहिरीत पडलेल्या मांजराची गोष्ट सांगायला लागली तर आई म्हणते, ‘इन इंग्लिश!’ मुलगी गप्प. मांजराचं पुढे काय झालं ते मला अजून कळलेलं नाही.

मूल भाषा शिकतं ती भरपूर, अघळपघळ, कारणं देणाऱ्या, वाद घालणाऱ्या बोलण्यातून. ते ज्या भाषेत आपल्याला सहज जमतं त्याच भाषेत होणार, मग ती मराठी असो, अहिराणी असो, मालवणी असो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शिक्षणाचं माध्यम शक्य तिथे मुलाची मातृभाषा असावं असं लिहिलंय. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही निदान पाचवीपर्यंत घरची भाषा असावी, असंच आहे. इंग्रजी शिकू नये असं कोण म्हणतंय? शाळेत शिकेल, गोष्टी ऐकून शिकेल. मराठी बंद करून मात्र ते येत नाही.

मराठीतही अडचणी आहेत, नाही असं नाही. सत्तावीस म्हणताना सात आधी येतात, लिहिताना दोन आधी. कितीतरी मुलं सत्तावीस ऐकून ७२ लिहितात. म्हणूनच २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस सात’ असं वाचन आलं आणि महाराष्ट्रभर त्यावर विनोदांचा पाऊस पडला. मीही हसले होते. मग धाकटीने दुकानाच्या बिलावर ६३ चे ३६ केले आणि हसू आवरलं. घरी एवढंच करा: अंक म्हणताना ‘सत्तावीस, म्हणजे वीस आणि सात’ असं दोनदा म्हणा. पैसे मोजताना, पोळ्या मोजताना, कुठेही.

‘आईवडील शिकलेले नसतील तर क्लास लावून मोकळं व्हा.’

मेसेजमधलं हे सर्वात खोटं वाक्य, आणि सर्वात जास्त नुकसान करणारंही.

बिहार आणि राजस्थानातल्या खेड्यांत रुक्मिणी बॅनर्जी, जेम्स बेरी आणि मार्क शॉटलँड यांनी एक प्रयोग केला, २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. काही वस्त्यांत आयांसाठी साक्षरता वर्ग घेतले, काही ठिकाणी आईने मुलाबरोबर घरी करायचे छोटे छोटे उपक्रम दिले, काही ठिकाणी दोन्ही. यातल्या कितीतरी आयांना धड लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी मुलांच्या गणितात सुधारणा दिसली. थोडीच दिसली, चमत्कार नव्हे. पण शिक्षण नसलेल्या आईच्या हातात काहीच नाही, हे म्हणणं त्याने खोटं ठरलं.

वाचता न येणाऱ्या आईबापाने नेमकं करायचं काय? ‘प्रथम’ संस्था २००५ पासून ‘असर’ पाहणीत गावोगावी घरी जाऊन मुलांना वाचायला लावते. साधा कागद असतो. अक्षरं, सोपे शब्द, छोटा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात अंक ओळखणं, हातच्याची वजाबाकी, भागाकार. एवढंच. यासाठी पदवी लागत नाही. रात्री भांडी झाल्यावर ‘एक पान वाचून दाखव’ म्हणायचं. अक्षर कळत नसलं तरी पोर सलग वाचतंय की ठेचकाळतंय, हे कान सांगतात. आणि वाचून झाल्यावर ‘मग तो कोल्हा कुठे गेला?’ असं विचारायचं. ज्याला समजलंय तो सांगतो. ज्याने नुसती अक्षरं जुळवलीत तो वरच्या फळीकडे बघत बसतो.

माझी आजी सही करायची अंगठ्याने. पण बाजारात अडीचकी, म्हणजे अडीचचा पाढा, तोंडपाठ. सात अडीचे साडेसतरा, आठ अडीचे वीस, तिच्या हिशेबात वाण्याची कधी सरशी झाली नाही. पावकी, निमकी, सवायकी तिने मला शेंगा निवडताना ऐकवली. अपूर्णांकांना मी पुढे कधी घाबरले नाही, त्याचं श्रेय कुठल्याच क्लासला देता येत नाही.

क्लासबद्दल एकच: शाळेतल्या शिक्षकाने खासगी शिकवणी घेणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने बंद केलंय. ‘सरांकडेच लावा, वर्गात लक्ष देतील’ असं कुणी सुचवलं तर हे आठवा.

‘शाळेच्या कारभारात लुडबुड करू नका.’

लुडबुड? कायद्यानेच बसवलंय आपल्याला तिथे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात निदान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, आणि निम्म्या सदस्य महिला. सरकारी शाळेत शाळेचं काम कसं चाललंय ते बघणं, अनुदान कुठे खर्च होतं ते बघणं, शाळा विकास आराखडा तयार करणं ही या समितीची कामं. खासगी विनाअनुदानित शाळेत ही समिती नसते, पण शिक्षक-पालक संघ असतो, आणि राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने फीचा प्रस्ताव संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो.

प्रत्यक्षात काय होतं तेही सांगते, कारण मी ते भोगलंय. पहिल्या वर्षी समितीच्या सभेचं रजिस्टर पोराच्या दप्तरातून घरी आलं. ‘आई, इथे सही कर म्हणून सांगितलंय.’ सभा झालेलीच नव्हती. विषय छापील अक्षरात लिहिलेले, ‘सर्वानुमते मंजूर’ही लिहिलेलं. मी सही न करता परत पाठवलं. चार दिवस शाळेतल्यांचे चेहरे आंबट होते, मग खरंच सभा बोलावली. सातजणी आलो. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नाही, एवढा एकच विषय आम्ही लावून धरला. नळ बसायला दिवाळी उलटली, पण बसला. पाचवी-सहावीच्या मुली दिवसभर पाणी न पिता बसत होत्या, त्या पाणी प्यायला लागल्या. याला अभ्यासातली मदत म्हणायचं की नाही, ते मेसेज लिहिणाऱ्यांनी ठरवावं.

आणि शिक्षकांना भेटायला संकोच कशाला? पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता, प्रगती सांगणं हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ नुसार शिक्षकांचं कर्तव्यच आहे. जाताना ‘कसा आहे अभ्यास?’ असं विचारू नका, उत्तर ‘बरा आहे’ असंच येतं. वही घेऊन जा. एक पान उघडा आणि ‘हे असं का चुकतंय?’ विचारा.

‘मुलांना धाक हवा.’

शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ त्याच कायद्याच्या कलम १७ ने बंद आहे. घरात ते कलम लागू नाही, पण वर लिहिलंच आहे की मी चिडल्याने पंधराचे पंचवीस झाले नाहीत.

‘मोबाइल देऊ नका.’

हे बरंचसं पटतं. झोपायच्या खोलीत फोन नको, जेवताना नको, आपल्याही हातात नको. फक्त एवढं लक्षात असू द्या की बालभारतीची पुस्तकं त्याच फोनवर फुकट उतरवता येतात. पुस्तक शाळेत विसरलं म्हणून गृहपाठ राहिला, ही सबब आमच्या घरी आता चालत नाही.

हे सगळं मी भिशीच्या ग्रुपवर टाकलं. दोन अंगठे आले, एक ‘छान विचार’ आलं, मग कुणीतरी साबुदाणा वड्यांचा फोटो टाकला आणि विषय संपला. रात्री साडेदहाला ज्या ताईंनी मूळ मेसेज पाठवला होता त्यांचा वेगळा मेसेज आला: ‘अहो, ते हातच्याचं जरा नीट सांगा ना. आमच्याकडेही पंधराच येतंय.’