उडीनंतरची लीड आणि माझी खुर्ची: ‘जुना सवार’ यांना उत्तर

‘उडी मारल्यावर घोडा योग्य लीडवर कसा उतरवावा’ या माझ्या लेखावर ‘जुना सवार’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. (लीड म्हणजे कँटरमध्ये, तीन ठोक्यांच्या धावेत, घोड्याचा जो पुढचा पाय पुढे पडतो तो. डावीकडे वळायचं तर डावी लीड हवी, उजवीकडे तर उजवी.) ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी गोषवारा असा: लीड म्हणजे काय हेच मी उलटं सांगितलं. हवेत असताना आतल्या, म्हणजे वळणाच्या बाजूला झुकायला सांगून मी लोकांचे घोडे बिघडवतोय. घोडा सतत एकाच लीडवर उतरत असेल तर आधी त्याची पाठ, खोगीर आणि नाल बघायला हवेत, त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. आणि हा सगळा खटाटोप करण्यापेक्षा सरळ फ्लाइंग चेंज, म्हणजे कँटर न मोडता लीड बदलणं, शिकवावा. शेवटचं वाक्य जसंच्या तसं देतो: ‘बाळ, खुर्चीत बसून घोडा उडवणं सोपं असतं.’

आधी ‘बाळ’. माझं वय 51 आहे. गुडघे त्याहून मोठे आहेत.

आता चूक, कारण ती आहे. डाव्या लीडवर उतरणारा घोडा आधी डावा पुढचा पाय टेकतो असं मी लिहून बसलो. तसं नाही. आधी उजवा टेकतो, मग त्याच्या पुढे जाऊन डावा. म्हणजे जो नंतर टेकतो आणि पुढे पडतो, ती लीड. ‘आधी’च्या जागी ‘नंतर’ हवं होतं, एका शब्दाचा फरक. रात्री साडेअकराला लिहिताना होतं असं. लेखात दुरुस्ती केली आहे, तुमचे आभार. चूक मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण तुमच्या अख्ख्या प्रतिक्रियेत ‘मला वाटतं’ हे दोन शब्द कुठेच सापडले नाहीत.

राहता राहिली खुर्ची. मी खुर्चीत बसून लिहितो हे खरं आहे. उभ्याने कोण लिहितं?

पण तुम्हाला म्हणायचं होतं ते वेगळं. तुम्हाला म्हणायचं होतं की हा माणूस घोड्यावर बसलेलाच नाही, व्हिडिओ बघून लिहितो. तर ऐका. 1993 साली कॉलेजात असताना एनसीसीच्या रिमाउंट (घोड्यांच्या) पथकात मी पहिल्यांदा घोड्यावर बसलो. शिकवायला एक निवृत्त रिसालदार होते, आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. पहिले तीन महिने रिकिबी काढून ठेवलेल्या. कँटरवर गोल फिरायचं, डोळे मिटायचे, आणि ते मधूनच ओरडायचे, ‘कोणता पाय?’ खाली बघायची सोय नव्हती, मांडीला कळलं पाहिजे. कँटरचे ठोके तीन. डावी लीड असेल तर आधी मागचा उजवा, मग मागचा डावा आणि पुढचा उजवा एकत्र, शेवटी पुढचा डावा. त्या शेवटच्या ठोक्याला तुमचं डावं कंबरेचं हाड जरासं पुढे सरकतं. ते ज्याला जाणवत नाही त्याने लीडवर बोलू नये, असं उस्तादांचं मत. उत्तर चुकलं की घोडा दुसऱ्याला आणि आपण पायी एक चक्कर. मी त्या मैदानाला इतक्या चकरा मारल्या आहेत की तिथली माती मला नावाने ओळखत असेल. ही माझी खुर्ची.

पुढचं ऐकायचं असेल तर तेही सांगतो. डाव्या खांद्याचं हाड एकदा, मनगट दोनदा. आमच्या पागेत गेली एकोणीस वर्षं शनिवार-रविवारी पहाटे साडेपाचला मी हजर असतो. मोतद्दार आजारी असला की लीद मीच काढतो. तुम्ही फौजेत तीस वर्षं घोड्यावर काढली असं लिहिता. मान्य, आदर आहे. पण तीस वर्षं हा काही मुद्दा होत नाही. तीस वर्षं चुकीचं करणारे सवारही मी पाहिले आहेत, आणि हे मी तुमच्याबद्दल म्हणत नाहीये.

आता मी नेमकं काय लिहिलं होतं ते बघू. तुम्ही लिहिता, मी सवाराला आतल्या बाजूला ‘झुकायला’ सांगतो. लेखात ‘झुका’ हा शब्द शोधून दाखवा. मी लिहिलं आहे, ‘आतल्या रिकिबीवर किंचित भार’. किंचित! झुकलात तर घोड्याचा आतला खांदा दाबला जातो आणि तो बहुधा बाहेरच्या लीडवर उतरून स्वतःला सावरतो, हे मलाही कळतं. मी सांगितलं ते असं: वीस मीटरच्या वर्तुळावर पन्नास-साठ सेंटिमीटरचा क्रॉस, म्हणजे फुलीसारख्या दोन दांड्यांचा अडथळा, लावा. घोडा जमीन सोडतो तेव्हा नजर अडथळ्यावरून उचलून पुढच्या वळणावर न्या. आतला लगाम मानेपासून चार बोटं बाजूला उघडा. मागे ओढायचा नाही, दार उघडल्यासारखा बाजूला. बाहेरची पोटरी तंगाच्या (खोगिराच्या पोटपट्ट्याच्या) जरा मागे. बस. चुकीच्या लीडवर उतरला तर शिक्षा नाही, ट्रॉटवर (दुडक्या चालीवर) आणा, लीड दुरुस्त करा, पुन्हा या. यात कुठला घोडा बिघडतो?

आणि हे मी एका घोडीवर केलं आहे. रेसकोर्सवरून निवृत्त होऊन आमच्याकडे आलेली कुमैत घोडी. महालक्ष्मीला शर्यत उजव्या हाताला वळते, त्यामुळे वळण आलं की उजवी लीड हे तिच्या अंगात मुरलेलं. अडथळ्यावरून कुठेही वळायचं असो, बाई उजव्या लीडवर. डावीकडे वळताना इतकी तिरपी व्हायची की माझी रिकीब जमिनीला लागेल असं वाटायचं. शो जंपिंगच्या नियमात चुकीच्या लीडला दंड नाही, दांडा पाडला की चार फॉल्ट, म्हणजे दंडाचे गुण. पण चुकीच्या लीडवर वळलेला घोडा पुढच्या अडथळ्याला तोल गमावून पोचतो आणि मग तेच चार फॉल्ट मिळतात. मी तिच्या डाव्या पुढच्या पायाला लाल पट्टी बांधली, मोतद्दाराच्या मुलाला वहीपेन्सिल देऊन बाजूला बसवलं. पहिल्या चाळीस उड्यांत डावी लीड पाच वेळा. चार महिन्यांनी चाळीसात एकतीस. वही अजून आहे, त्यावर चहाचा डागही आहे. मध्ये तीन आठवडे तिची पाठ धरली होती म्हणून विश्रांती दिली, डॉक्टरांनी खोगीर बदलायला सांगितलं, ते बदललं. त्यानंतर ती एकदम सुटली. पण पद्धत हीच.

पाठ-खोगीर-नाल या तुमच्या मुद्द्याबद्दल: हे प्रत्येक सवाराला माहीत असतं असं मी धरून चालतो. प्रत्येक लेखाच्या सुरुवातीला ‘घोडा आजारी नाही ना बघा’ असं लिहायचं तर मग ‘घोड्यावर तोंड पुढे करून बसा’ हेही लिहावं लागेल.

फ्लाइंग चेंज हा वेगळा विषय आहे, त्यावर वेगळं लिहीन.

तुम्हाला टीका करायचा हक्क नाही असं मी म्हणत नाही. उस्तादही कमी बोलायचे नाहीत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या बसण्याची तुलना ज्या वस्तूशी केली ती इथे लिहिता येणार नाही. पण ते समोर उभं राहून बोलायचे, स्वतःच्या नावानिशी. नंतर घोड्याला गूळ भरवायचे, मला चहा पाजायचे. तुम्ही टोपणनावाच्या पडद्यामागून ‘बाळ’ म्हणता. समोर या, पहाटे साडेपाचला, पत्ता पागेत विचाराल तर कुणीही सांगेल. कुमैत घोडी आता चोवीस वर्षांची आहे, उड्या मारत नाही. पण तुमच्या मांडीला लीड कळते का ते बघायला तिचा कँटर पुरेसा आहे.

तुमचं पुढचं उत्तर आलं तर तेही छापेन. ‘बाळ’ तेवढं गाळून.