आधी जंपर काढा, मग व्होल्टेजकडे बघू

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे आणि तपशील देऊन लिहिली आहे, म्हणून उत्तरही तपशिलातच देतो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लेझर कटर काम अर्ध्यावर सोडून थांबला की आधी ट्यूब थंड ठेवणारं पाणी बघा, हा आमचा सल्ला शहरातल्यांना ठीक, कोकणात खरा दोष व्होल्टेजचाच. तुमचं ६० वॅटच्या काचेच्या ट्यूबचं (लेझरचा किरण हिच्यातूनच निघतो), रुइडा कंट्रोलरचं (मशीन चालवणाऱ्या बोर्डाचं) मशीन सकाळी नीट चालायचं आणि दुपारी पंचवीस-तीस मिनिटांनी थांबायचं. स्टॅबिलायझर लावूनही थांबायचं. शेवटी मेकॅनिकने फ्लो स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून दिल्या, म्हणजे जंपर लावला, तेव्हापासून थांबलेलं नाही. फक्त मखराच्या एमडीएफचे (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीचे) शेवटचे तुकडे आरपार कटत नाहीत, कारण पावसात माल दमट येतो.

आता हेच सगळं पुन्हा एकदा क्रमाने वाचा. व्होल्टेज पडून मशीन थेट थांबत असतं, तर जंपरने काडीचा फरक पडला नसता. फ्लो स्विच कंट्रोलरला एकच गोष्ट कळवतो: पाणी पुरेसं वाहतंय की नाही. त्याचं तोंड बंद केल्यावर थांबणं बंद झालं, म्हणजे थांबवत तोच होता. स्विचच बिघडला असेल ही शक्यता उरते, मान्य. पण मग शेवटचे तुकडे कच्चे का राहतात? एमडीएफ दमट असतं तर पहिला तुकडाही कच्चा राहिला असता. सुरुवातीला साफ कट आणि शेवटी अर्धवट, हे ट्यूब तापत गेल्याचं लक्षण आहे. पाणी गरम झालं की तुमच्यासारख्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) ट्यूबचा पॉवर उतरतो.

तुम्ही २० लिटरच्या बादलीत पंप सोडला आहे. हिशोब करून बघा. ६० वॅटचा किरण देताना ट्यूब साधारण ४०० वॅट वीज घेते, आणि त्यातला बहुतेक भाग उष्णता होऊन पाण्यात जातो. २० लिटर पाणी एक अंशाने तापायला सुमारे ८४ किलोज्यूल लागतात, म्हणजे सलग कटिंगमध्ये साडेतीन मिनिटांना एक अंश. अर्ध्या तासात आठ अंश. बादली हवेत थोडी निवते आणि लेझर सतत चालू नसतो, म्हणून प्रत्यक्षात पाच-सहा धरा. सकाळी २६ अंशांवर सुरू केलं तर काम ३१-३२ वर संपतं. दुपारी पाणी मुळातच ३० असतं, मग ३६ ला पोचायला वेळ लागत नाही. ट्यूबला २५ च्या आतलं पाणी मानवतं. तिशीच्या वर सलग चालवलं की तिचं आयुष्य भरभर संपतं.

तुमचा व्होल्टेजचा मुद्दा इथे मात्र खरोखर लागू पडतो. स्टॅबिलायझर मशीनला लावलात, पण पंप कुठल्या बोर्डावर आहे? बहुतेक वर्कशॉपांत तो भिंतीवरच्या वेगळ्या प्लगवर असतो. दुपारी लाइन १९० व्होल्टच्या खाली गेली की कूलरचा साधा पंप मंदावतो, प्रवाह स्विचच्या काठावर येतो, आणि पंपाच्या जाळीत थोडं शेवाळ अडकलं की स्विच सुटतो. म्हणून पंपही स्टॅबिलायझरवर घ्या. जाळी उघडून धुवा. मशीनमागे नळी दुमडली आहे का बघा. ट्यूबमध्ये हवेचा मोठा बुडबुडा दिसत असेल तर मशीन एका बाजूने उचलून तो बाहेर काढा. बुडबुड्याखालची काच नुसती तापत राहते आणि तिथेच तडकते.

प्रवाह मोजायला उपकरण लागत नाही. परतीची नळी एक लिटरच्या बाटलीत धरा. ३० सेकंदांत बाटली भरली तर मिनिटाला दोन लिटर, एवढं हवंच. ४५ सेकंद लागले तर दोष पंपात, नळीत किंवा जाळीत. हीच चाचणी दुपारी, थांबण्याच्या वेळेला पुन्हा करा, कारण सकाळच्या आकड्याने तुमचा प्रश्न सुटणार नाही.

पाणी विहिरीचं नको, कितीही गोड असलं तरी. त्यातल्या क्षारांमुळे पाण्यातून वीज वाहते आणि ट्यूबची वीज पाण्यात गळते. गॅरेजला मिळणारं बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी घ्या, बादलीला अपारदर्शक झाकण लावा, म्हणजे शेवाळ धरणार नाही.

पाणी थंड ठेवायला बर्फाच्या बाटल्या टाकाव्यात, असं खालच्या एका वाचकाने तुम्हाला सुचवलं आहे. श्रावणात कोकणात हे करू नका. खोलीत ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखाली हवेतली वाफ पाणी होऊन वस्तूंवर धरते तो आकडा, साधारण २७ अंशांवर येतो. पाणी २० ला नेलंत तर ट्यूबच्या अंगावर घाम सुटणार, आणि हाय व्होल्टेजच्या टोकाला १५-२० हजार व्होल्ट आहेत. मालवण-वेंगुर्ल्याकडे समुद्राजवळच्या खोलीत त्या टोकावर मिठाचा पातळ थर असतोच. ओल आणि मीठ एकत्र आलं की चटचट आवाज, ओझोनचा वास, आणि त्या ठिणगीच्या झटक्याने कंट्रोलरही रीसेट होतो. पावसाळ्यात दोनच मार्ग सुरक्षित आहेत: पाणी दवबिंदूच्या किंचित वर, २८ ला धरून पॉवर कमी ठेवायचा, किंवा खोली बंद करून एसी लावायचा. २६ अंश आणि ५५ टक्क्यांना दवबिंदू १६ वर उतरतो, मग कॉम्प्रेसरचा चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) २२ ला खुशाल लावा. चिलर घेताना त्यात कॉम्प्रेसर आहे ना, हे विचारून घ्या. नुसता रेडिएटर आणि पंखा असलेला चिलर पाणी खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात त्याचा उपयोग बेताचाच.

विजेचा दोष ओळखायचा कसा, हे तुम्ही विचारलंत. थांबल्यावर स्क्रीनकडे बघा. स्क्रीन विझून पुन्हा लागली आणि हेड (किरण सोडणारं डोकं) होमला, म्हणजे मूळ जागी गेलं, तर वीज. स्क्रीन जिवंत आहे आणि तिच्यावर पाण्याचा किंवा झाकणाचा संदेश आहे, तर त्या त्या स्विचची लाइन. हेड चालत राहिलं पण कट थांबला, तर ट्यूब, पॉवर सप्लाय किंवा त्यांच्या वायरी. दर वेळी टेबलावरच्या एकाच कोपऱ्यात थांबतं, तर केबलच्या साखळीत तुटलेली तार. फाइलमधल्या एकाच रेघेवर थांबतं, तर फाइल. म्हणून संदेश वाचल्याशिवाय एस्केप दाबू नका, फोटो काढा.

वीजच निघाली, तर निमिषभराचा झटका स्टॅबिलायझर भरून काढत नाही, त्याला यूपीएस लागतो. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंग सुकतं, तेव्हा खड्ड्यात पाणी घाला आणि न्यूट्रल-अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या वर गेलं तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आणि आता जंपर. तुम्ही यूपीएस घेणार असं लिहिलं आहे, म्हणून हे कळकळीने सांगतो. यूपीएसवर मशीन, भिंतीच्या प्लगवर पंप आणि स्विचवर जंपर अशी जोडणी झाली, तर लाइट गेल्या क्षणी ट्यूब पाण्याविना जळत राहील. काच तडकायला फार वेळ लागत नाही. जंपर आजच काढा. काढताना मशीनचा प्लग भिंतीतून ओढलेला असू दे, आणि पॉवर सप्लायच्या लाल जाड वायरीला हात लावू नका. बंद केल्यावरही तिच्यात चार्ज राहतो. स्विच खराब वाटत असेल तर दोन टोकांना मल्टिमीटर लावून नुसता पंप चालू-बंद करा. पंप चालू असताना बीप आणि बंद केल्यावर शांत, तर स्विच ठीक. बीप तुटक येत असेल तर आधी प्रवाह वाढवून बघा, तरीही तुटक राहिला तर स्विच बदला.

हे झाल्यावर एक काम पूर्ण चालवा आणि तीन गोष्टी इथेच कळवा: सुरुवातीचं आणि थांबण्याच्या क्षणीचं पाण्याचं तापमान, दुपारी बाटली भरायला लागलेले सेकंद, आणि स्क्रीनवरच्या संदेशाचा फोटो. मखरांची गडबड सुरू होण्याआधी हे आटपू.