किटली ९७ अंशांवर बंद होते, या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपला अभिप्राय वाचला. आमच्या बेळगावच्या दुकानातून आपण दीड लिटरची विजेची किटली नेली. घरी डिजिटल थर्मामीटर लावून पाहिला तेव्हा पाणी ९७ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले नाही आणि तेवढ्यावरच किटली बंद झाली. ती बदलून नेली, तर दुसरीचीही तीच तऱ्हा. बाळाच्या दुधासाठी पाणी पुरते उकळावे म्हणून घेतलेली वस्तू ते अर्धवटच उकळते, म्हणजे दुकानदाराने दोनदा दुय्यम माल गळ्यात मारला, असे लिहून आपण एक तारा दिला आहे. आपण मोजलेला आकडा बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि तो तसा निघण्यास आमच्या दुकानातील माणसाचाही हातभार लागला आहे, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर लिहीत आहे.

पाणी १०० अंशांना उकळते हे आपण सगळ्यांनीच शाळेत घोकलेले असते. त्याआधीचा ‘समुद्रसपाटीला’ हा शब्द तेवढा विसरला जातो. पाण्याच्या पोटात वाफेचे बुडबुडे तयार होऊन वर यायचे, तर त्या वाफेच्या दाबाने बाहेरच्या हवेच्या दाबाची बरोबरी करावी लागते. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर स्तंभाएवढा असतो आणि तेथे ही बरोबरी १०० अंशांना होते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे. येथे हवेचा दाब ६९५ मिलिमीटरच्या आसपास असतो आणि तेवढ्या दाबाला पाणी सुमारे ९७.५ अंशांनाच खळखळू लागते. ढोबळ हिशेब असा, की दर ३०० मीटर चढणीमागे साधारण एक अंश कमी होतो. आपल्यापेक्षा सुमारे २०० मीटर खाली असलेल्या कोल्हापुरात हीच किटली ९८ अंशांच्या थोडे वर जाईल, महाबळेश्वरला ९५.५ च्या आसपास थांबेल, आणि चोर्ला घाट उतरून पणजीला नेलीत तर १०० दाखवील.

दुसरी गोष्ट अशी, की किटलीला अंश मोजताच येत नाहीत. पाणी उकळले की वाफ एका अरुंद वाटेने स्विचजवळ बसवलेल्या दोन धातूंच्या चकतीपर्यंत पोचते. दोन्ही धातू सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नसल्यामुळे ती चकती तापताच टक् आवाज करून उलट बाजूला वळते आणि वीज तोडते. म्हणजे किटली ‘१०० झाले का’ हे विचारत नाही, भरपूर वाफ आली का एवढेच पाहते. म्हणूनच झाकण नीट लागलेले नसेल, तर वाफ वरच्या वर निघून जाते आणि किटली बंद होत नाही.

तिने आणखी पाच मिनिटे पाणी उकळले असते तरी आपल्या थर्मामीटरवरचा आकडा हलला नसता. एक किलो पाणी २५ अंशांपासून येथील उत्कलनबिंदूपर्यंत न्यायला साधारण ३०० किलोज्यूल उष्णता लागते, आणि तेच पाणी पूर्ण वाफ करायला सुमारे २२६० किलोज्यूल, म्हणजे सातपटीहूनही जास्त. उकळी फुटल्यानंतर दिलेली सगळी उष्णता या वाफेतच खर्च होते. आपण दुसऱ्यांदा येऊन गेल्यानंतर आम्ही निराळ्या कंपनीची किटली आणि गॅसवरचे साधे ॲल्युमिनियमचे पातेले अशा दोन्हींत पाणी उकळून पाहिले. दोन्हीकडे आकडा ९७ आणि ९८ च्या मध्येच राहिला. घरच्या पातेल्यात आपणही हे पाहावे. पातेल्यावर तर दुय्यम मालाचा आरोप करता येणार नाही.

बाळाची काळजी मात्र आम्ही थट्टेवारी नेत नाही. पावडरचे दूध कालवताना पाणी ७० अंशांहून थंड झालेले नसावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बेळगावचे उकळते पाणी त्याहून बरेच वर आहे. (कालवलेले दूध पाजण्याआधी पुरेसे निववावे, हे आपणास सांगायला नकोच.) बाटल्या निर्जंतुक करण्यासाठी मात्र किटली नव्हे, मोठे पातेले वापरावे, कारण त्या पाण्यात पूर्ण बुडवून काही मिनिटे सतत उकळाव्या लागतात आणि किटली उकळी फुटताच बंद होते. किती वेळ उकळायच्या, हे बाळाच्या डॉक्टरांनाच विचारावे.

आता आमची चूक. ‘१०० डिग्रीला आपोआप बंद होते’ असे आमच्या विक्रेत्याने आपणास सांगितले, आणि खोक्यावरही तसेच छापलेले आहे. कंपनी एकच खोके मुंबईपासून लेहपर्यंत पाठवते, हे खरे. पण ग्राहकाशी समोरासमोर बोलणारा माणूस बेळगावातच उभा असतो, त्याला तरी हे ठाऊक असायला हवे होते. दुसऱ्या खेपेला त्याने काहीही न समजावता, तोंड वाकडे करून किटली बदलून दिली, असेही आपण लिहिले आहे. त्यामुळेच आपला संशय वाढला असणार, आणि तो वाढणे स्वाभाविक होते. त्याबद्दल मी आपली क्षमा मागतो. विक्रेत्याने यापुढे ‘पाणी उकळले की बंद होते’ एवढेच म्हणावे, असे त्याला सांगितले आहे.

तिसरी किटली बदलून देण्यात अर्थ नाही, कारण तीही ९७ लाच थांबेल. बुडबुडे खळखळण्याआधीच किटली बंद पडत असेल, तर मात्र तो खरा दोष समजावा. घरी बोअरचे पाणी वापरत असाल, तर तळाला पांढरा थर साचतो आणि त्यामुळेही तसे होऊ शकते. थोडे लिंबूसत्त्व पाण्यात घालून उकळी आणावी, अर्धा तास तसेच ठेवावे आणि दोनदा स्वच्छ पाण्याने धुवावे. एवढे करूनही उकळी फुटण्याआधीच ती बंद होत असेल, तर पावती घेऊन यावे. आपल्यासमोर पाणी उकळून पाहू आणि दोष आढळला तर पूर्ण पैसे परत करू. येताना थर्मामीटरही आणावा. तो आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का हे पाहू, मग किटलीकडे वळू.

आपला,
दुकानमालक